पावसात, वाऱ्यात, थंडीत फेरो रॉडनं विस्तव पेटवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै लागला की चिखलदऱ्याला आणि पचमढीला निघालेल्यांचे प्रश्न येतात, आणि डिसेंबरात हिमालयाच्या ट्रेकला जाणाऱ्या नागपूरकरांचे. बहुतेक प्रश्न तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. शक्य तिथे शब्दही विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत. घाईत असाल तर ८ आणि १३ तेवढे नक्की वाचा, आणि जंगलात जाणार असाल तर २० सुद्धा.

१. फेरो रॉड म्हणजे आपली जुनी चकमकच ना? की मॅग्नेशियमची कांडी?

दोन्ही नाही. चकमकीत कठीण गार पोलादाचा बारीक कण खरवडून काढते आणि तो कण तापून लाल होतो. ती ठिणगी क्षीण असते, तिला काळं जाळलेलं सुती कापड किंवा सावरीचा कापूस असं अगदी हळवं काहीतरी लागतं.

फेरो रॉड हा सेरियम, लॅन्थॅनम, लोखंड आणि थोडं मॅग्नेशियम अशा धातूंच्या मिश्रधातूची कांडी आहे, पात्यानं घासली की ठिणग्या पडतात. ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. सेरियमचा बारीक कण हवेत दीडशे ते पावणेदोनशे अंशांच्या आसपासच पेट घेतो, त्यामुळे घासण्यातून निघणारी उष्णताच त्याला पुरते. पेटलेला कण मग ३,००० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचतो. सिगारेट लायटरच्या चाकाखालचा छोटा खडा याच मालाचा असतो.

मॅग्नेशियमची कांडी रुपेरी आणि हलकी असते. ती स्वतः ठिणगी देत नाही. तिचा भुगा खरवडून काढायचा आणि तो फेरो रॉडच्या ठिणगीनं पेटवायचा. बाजारात या दोन्ही वस्तू एकमेकींना चिकटवून विकतात, गोंधळ त्यातूनच होतो.

२. खिशात माचिस आहे, लायटर आहे. मग हे ओझं कशाला?

कोरड्या दिवशी माचिसच वापरा, त्यात काहीच कमीपणा नाही. पण माचिस एकदा भिजली की संपली. लायटरमधला ब्युटेन शून्य अंशाच्या जरा खालीच वायू व्हायचा थांबतो, म्हणून बर्फात लायटर नुसता खटखट करत राहतो. फेरो रॉडला पाणी, थंडी आणि उंची यांनी फारसा फरक पडत नाही. तो कधी रिकामाही होत नाही. माझं म्हणणं इतकंच की तिन्ही ठेवा, आणि तिन्ही वेगवेगळ्या खिशांत ठेवा.

३. गॅसच्या शेगडीच्या लायटरमधूनही ठिणगी पडते. त्यानं कापूस का पेटत नाही?

ती विजेची ठिणगी असते. क्षणभर चमकते, गॅस पेटवायला तेवढं पुरतं, पण ती खाली पडत नाही आणि टिकत नाही. फेरो रॉडमधून जळता धातू बाहेर पडतो, कापसावर जाऊन बसतो आणि तिथेही काही क्षण जळत राहतो.

४. कोणता रॉड घ्यावा? दोनशे रुपयांचा आणि हजाराचा यांत फरक काय?

आधी जाडी पाहा, किंमत नंतर. किल्लीच्या रिंगेत लटकवायचे ५-६ मिलिमीटरचे रॉड बधिर बोटांत धरवत नाहीत आणि जोर दिला तर मधून तुटतात. ८ ते १२ मिलिमीटर जाड, बोटभर लांब आणि मूठ नीट चिकटवलेला रॉड पुरेसा आहे. बरोबर येणारी पत्र्याची पट्टी बहुतेक वेळा भिकार असते, तिच्यासाठी ७ पाहा.

पाकिटावर '१२,००० वेळा चालतो' असं छापलेलं असतं. तो आकडा हलक्या हाताच्या घासण्याचा. पावसात आपण दाबून घासतो आणि एकेका वेळेस बराच माल उडतो. तरी साधा माणूस हौसेपोटी एक रॉड वर्षानुवर्षं वापरतो.

५. नवा रॉड आला, घासला, एकही ठिणगी नाही. फसवलं का?

बहुधा नाही. गंज चढू नये म्हणून नव्या रॉडवर काळा थर दिलेला असतो. एका बाजूचा थर पात्यानं दाबून खरवडा, खालचा करडा चकचकीत धातू दिसला की ठिणग्या सुरू होतात. पूर्ण रॉड सोलू नका, एकच पट्टा उघडा करा. पट्टा उघडूनही ठिणगी नसेल तर रॉडला दोष देण्याआधी पातं बदलून पाहा.

६. घासायची बरोबर पद्धत कोणती? माझा तर दर वेळेस कापसाचा ढीगच उडतो.

कारण तुम्ही पातं पुढे ढकलता. हात वेगानं पुढे जातो, शेवटी टिंडरवर, म्हणजे ठिणगी धरणाऱ्या कापसासारख्या कोरड्या जिनसांवर, आदळतो आणि सगळं विखुरतं.

हे उलटं करा. रॉडचं टोक टिंडरच्या मधोमध, खालच्या लाकडावर टेकवा. पातं रॉडवर साधारण ४५ अंशांत तिरकं, टिंडरच्या अगदी वर धरा आणि तो हात गुडघ्याला टेकवून जागच्या जागी ठेवा. आता रॉड मागे, स्वतःकडे ओढा. पातं हलत नाही, फक्त रॉड सरकतो, आणि सगळ्या ठिणग्या एकाच जागी पडतात.

दुसरी चूक घाईची. पटापट हलके फटके मारले की बारीक ठिणग्या हवेतच विझतात. सावकाश, जोर लावून, रॉडच्या पूर्ण लांबीवर एकच ओढ द्या. 'खर्र' असा खरखरीत आवाज आला आणि जाड पांढरे थेंब पडले की समजायचं, जमलं. नुसता 'सुर्र' आवाज आला तर पातं धातूवर घसरतंय, चावत नाहीये.

७. चाकूच्या धारेनं घासावं की पाठीनं?

पाठीनं, आणि तीही काटकोनात कापलेली हवी. नखावर हलकेच घासून पाहा, पांढरा भुगा निघाला तर पाठ चालेल. स्वयंपाकघरातल्या बहुतेक सुऱ्यांची पाठ गोल घासलेली असते, ती रॉडवर नुसती घसरते. धार वापरली तर धार जाते आणि हात घसरला तर बोटही.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे हॅकसॉ ब्लेडचा बोटभर तुकडा. इतवारीत हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानात ब्लेड मिळतं. दात दगडावर घासून बोथट करा, टोकाला चिकटपट्टी गुंडाळा आणि रॉडला दोरीनं बांधून टाका. रॉड सापडला आणि पातं हरवलं ही तक्रार पावसाळ्यात सर्रास येते, म्हणून दोरी महत्त्वाची. अडचणीत फुटलेल्या कपाची किंवा काचेची धारदार कडही चालते.

८. ठिणग्या भरपूर पडतात, पण काहीच पेटत नाही. असं का?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि उत्तर रॉडमध्ये नाही. ठिणगी पाडणं हा या कामातला सोपा भाग आहे. ती कशावर पडते यावर सगळं ठरतं, आणि वाईट हवेत तर ते घरून निघण्याआधीच ठरलेलं असतं.

ठिणगी धरायला अत्यंत बारीक, अत्यंत कोरडा आणि मोकळा धागा लागतो. औषधाच्या दुकानातल्या कापसाचा घट्ट बोळा रॉडसमोर ठेवला तर वरचा एखादा धागा काळा पडतो आणि विषय संपतो. तोच बोळा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढा, परत दुमडा, परत ओढा, पिंजारी गादीचा कापूस पिंजतो तसा. आतून पलीकडचं बोट अंधुक दिसेल इतकं ते जाळं विरळ झालं पाहिजे. त्यात पहिल्या-दुसऱ्या ओढीलाच भडका होतो.

बाकी कारणं अशी. पावसाळ्यात नागपूरची हवाच इतकी दमट असते की उघडा ठेवलेला कापूस न भिजताही ओलसर होतो. हात ओले असतील तर चिमटीतून पाणी कापसात उतरतं, म्हणून टिंडर हातात घेण्याआधी बोटं काखेत किंवा बनियनच्या आत पुसा. आणि कापूस खरोखर कापूस आहे ना ते पाहा. खेळण्यांत आणि स्वस्त उशांत भरलेला पॉलिएस्टर पेटत नाही, वितळून गोळा होतो.

९. आपल्या भागात सहज मिळेल असं टिंडर कोणतं?

आपण कापसाच्या मुलखात राहतो. ओळखीच्या शेतकऱ्याकडून मूठभर कापूस घ्या, सरकी काढा, हवाबंद डबीत ठेवा. वर्षभर पुरतो.

एप्रिल-मेच्या सुमारास काटेसावरीची बोंडं फुटतात आणि रेशमासारखा कापूस झाडाखाली पडतो. ठिणगी धरण्यात त्याच्यासारखं दुसरं नाही, पण तो डोळ्याची पापणी लवते न लवते तोच जळून जातो. त्याला एकटा वापरू नका, आत दुसरं काही जाड गुंडाळा. रुईच्या शेंगांतल्या म्हाताऱ्याही तशाच, मात्र रुईचा चीक डोळ्यांना फार वाईट, हात लगेच धुवा.

नारळाची शेंडी सोलून तळहातांत चोळा, धूळ झटका आणि पक्ष्याच्या घरट्यासारखा आकार द्या. वाळलेल्या उभ्या बांबूची साल चाकूच्या पाठीनं खरवडली की पिवळट लव निघते, तीही उत्तम. तणस आणि कुटार ठिणगीवर क्वचितच पेटतात. पण कापसाचा जाळ दिला की छान धरतात, म्हणून ते दुसऱ्या पायरीला ठेवा. तुराटी आणि पऱ्हाटी तिसऱ्या पायरीला. तुराटी हलकी असते, झटकन पेटते, आणि शेताच्या कडेला मागितली तर कोणी नाही म्हणत नाही.

१०. व्हॅसलीन लावलेला कापूस किती वेळ जळतो? आणि तो उन्हाळ्यात कसा टिकवायचा?

नुसता कापूस काही सेकंदांत संपतो. पेट्रोलियम जेली चोळलेला सुपारीएवढा बोळा काही मिनिटं शांत ज्योतीनं जळतो, ओल्या काटक्या वाळवायला तेवढा वेळ मिळतो. जेली सगळीकडे फासू नका. मध्यभाग माखा आणि कडा कोरड्या ठेवा, कारण ठिणगी कोरडा धागाच धरतो. वापरताना बोळा फाडून आतलं तंतूंचं जाळं बाहेर काढा.

उन्हाळ्याचं म्हणाल तर ही अडचण खास आपली. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि बंद गाडीच्या आत तर त्याहून कितीतरी जास्त तापतं. जेली पातळ होऊन डबीतून झिरपते आणि बॅगेतला सगळा कपडा तेलकट होतो. झाकणाला आट्या असलेली छोटी डबी घ्या, बोळे त्यात उभे ठेवा, डबी पिशवीत घाला आणि मे महिन्यात गाडीत ठेवू नका.

११. पूजेचा कापूर चालतो का?

चालतो, आणि ओल्यात फार उपयोगी पडतो. अख्ख्या वडीवर ठिणगी बसत नाही. वडी चुरून पिंजलेल्या कापसात मिसळा. कापूस ठिणगी धरतो, कापूर जाळ धरून ठेवतो. धूर काळा आणि उग्र असतो, तोंड बाजूला ठेवा. कापूर उघडा राहिला की हवेत उडून जातो, म्हणून घट्ट झाकणाची डबी हवीच. आणि तो पोटात गेला तर विषारी आहे. लहान मुलांना त्या वड्या खडीसाखरेसारख्या दिसतात, तेव्हा डबी त्यांच्यापासून दूर ठेवा.

१२. व्हिडिओत स्टीलची तार पेटवतात. घरची भांडी घासायची तारेची घासणी पेटेल का?

नाही. ती स्टेनलेस स्टीलची आणि जाड असते. व्हिडिओत दिसतं ते साध्या लोखंडाचं केसासारखं बारीक लोकर, पॉलिशचं काम करणारे वापरतात ते. ते पेटतं, पण त्याला ज्योत येत नाही, नुसतं लाल धुमसतं. शिवाय दमट हवेत लवकर गंजतं. कापूस मिळत असताना त्याच्या मागे लागू नये.

१३. मुसळधार पाऊस, सगळं जंगल ओलं, जमिनीवर चिखल. आता?

आधी निवारा, मग विस्तव. ताडपत्री किंवा पोंचो डोक्याच्या बऱ्याच वर, एका बाजूला उतार देऊन बांधा. पाणी टपकत असताना कितीही चांगला रॉड असला तरी उपयोग नाही. विजा कडाडत असतील तर एकट्या उंच झाडाखाली थांबू नका.

मग लाकूड. जमिनीवर पडलेली फांदी पाणी पिऊन बसलेली असते, तिच्याकडे बघूही नका. झाडावरच वाळलेली किंवा खाली पडताना दुसऱ्या फांदीत अडकलेली शोधा. वाकवली की 'कट्' आवाजानं तुटली पाहिजे, नुसती वाकली तर सोडून द्या. मनगटाएवढं वाळकं लाकूड असेल तर ते उभं चिरा. पाऊस वरवरचा असतो, सागासारख्या लाकडाचा गाभा आठवडाभराच्या झडीतही आतून कोरडा मिळतो. उभा वाळलेला बांबू याहून सोपा, बाहेरचं पाणी पुसा, चिरा, आत कोरडं पांढरं लाकूड असतं. ढोलीत किंवा कपारीत कोरडा पाला मिळेल, पण हात घालण्याआधी काठीनं ढवळा. पावसात विंचू आणि साप तिथेच आसऱ्याला येतात.

चिरलेल्या गाभ्याच्या बोटाएवढ्या काड्या करा. त्यातली एक काडी खाली टेकवून धरा आणि चाकू तिच्यावरून वरून खाली चपटा फिरवा. पातळ ढलपी निघते, कुरळी होते, पण शेवटी तोडायची नाही, काडीलाच चिकटून राहू द्यायची. मग काडी जरा फिरवा आणि शेजारची कड धरा. कागदाइतक्या पातळ ढलप्यांचा झुपका तयार झाला की पुढची काडी घ्या. असे पाच-सहा झुपके होईपर्यंत रॉड खिशातून काढूच नका.

चिखलावर मनगटाएवढ्या लाकडांचा एक थर एकमेकांना लागून अंथरा. ती ओली असली तरी चालतील, त्यांचं काम फक्त विस्तव पाण्यापासून वर ठेवण्याचं. त्यावर कापूस, त्यावर झुपके तोंड खाली करून, वर पेन्सिलएवढ्या काड्या. सगळ्यात शेवटी डबी उघडा आणि लगेच ठिणगी पाडा, कापूस उघडा राहिला तर मिनिटा-दोन मिनिटांत दमट होतो. राहिलेलं ओलं सरपण जाळाभोवती उभं करा म्हणजे ते वाळत राहील.

तयारीला अर्धा तास लागला तर तो वाया गेला असं समजू नका. सामान पुरेसं गोळा न करता पेटवलेला विस्तव पाच मिनिटांत विझतो आणि तुमचा एकुलता एक कोरडा कापूस घेऊन जातो.

१४. रॉड पाण्यात पडला तर संपला का?

नाही. पुसा आणि घासा, लगेच ठिणग्या देतो. मुरलेल्या गंजासाठी २२ पाहा.

१५. वारा इतका की ठिणग्या उडून जातात. काय करावं?

वाऱ्याकडे पाठ करून गुडघ्यावर बसा आणि अंग खाली झुकवा, तुमची पाठ हीच भिंत. रॉडचं टोक कापसातून खालच्या लाकडात दाबून धरा म्हणजे कापूस जागचा हलत नाही. ठिणगी आणि कापूस यांत बोटभरापेक्षा जास्त अंतर नको. मॅग्नेशियमचा भुगा वाऱ्यात उडतोच, तो जेलीच्या बोळ्यावर किंवा चिकटपट्टीवर पाडा.

पेटल्यावर मात्र वारा मदतीला येतो. लहान काड्यांची उघडी बाजू वाऱ्याकडे ठेवा. पण मार्च ते जूनमध्ये असा वारा सुटला असेल तर उघड्यावर काहीही पेटवायचंच नाही, याला अपवाद नाही.

१६. हिमालयात थंडीनं हात बधिर होतात. रॉड काम करतो का?

रॉड करतो, बोटं करत नाहीत. थंडीत पहिली गोष्ट चिमटीची ताकद जाते, म्हणून जाड मुठीचा रॉड (४ पाहा) आणि मोठी दोरी. हातमोजे घालून सराव करा, त्यासाठी आपल्याकडच्या डिसेंबरातल्या सकाळी चांगल्या. डिसेंबर २०१८ मध्ये नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. पण कृत्रिम धाग्याच्या हातमोज्यांवर ठिणगी पडली तर भोक पडतं आणि वितळलेला धागा कातडीला चिकटतो, लोकरी किंवा चामड्याचे मोजे घ्या.

बोळे आधीच फाडून ठेवा, बधिर बोटांनी ते होत नाही. बर्फावर विस्तव पेटवला तर तो वितळत्या बर्फात बुडतो, म्हणून १३ मधला लाकडांचा थर तिथेही लागतो. आणि कोणी थरथर कापता कापता अचानक थांबला, बोलणं अडखळायला लागलं, तर विस्तवाची वाट पाहू नका. ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, मदत बोलवा.

१७. कापूस पेटतो, काड्या धरतात आणि मग धूर होऊन विझतं.

बहुतेक वेळा कारण घाई. काडेपेटीतल्या काडीएवढं, मग पेन्सिलएवढं, मग अंगठ्याएवढं, हा क्रम मोडायचा नाही. वरची लाकडं धडधडून पेटल्याशिवाय पुढची जाडी टाकायची नाही. दुसरं कारण गुदमरणं, काड्यांमधून हवा जायला जागा ठेवा. फुंकर लांबून, हळू आणि बुडाशी घाला, वरून जोरात फुंकलं तर ज्योत तुटते.

१८. जाळायला कोणतं लाकूड टाळावं?

कण्हेर कधीच नाही. तिचा धूर विषारी असतो आणि तिच्या काडीवर काही भाजून खाणं जीवावर बेतू शकतं. बिब्ब्याचं लाकूड आणि फळंही नको, त्याच्या धुरानं डोळे, घसा, कातडी होरपळते. बंद पेरांचा बांबू आख्खा टाकू नका, आतली हवा तापून तो फुटतो आणि निखारे उडतात, आधी उभा चिरा. रंग दिलेली लाकडं, प्लायवूड आणि प्लास्टिकही नको. सायकलच्या ट्यूबचा तुकडा पावसात पेटून राहतो हे खरं, पण तो ठिणगीवर पेटत नाही, ज्योत लागते, आणि धूर घाणेरडा. जीवावर बेतलं तरच.

१९. थोडं पेट्रोल शिंपडलं तर? किंवा सॅनिटायझर?

पेट्रोल नाही. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि ठिणगी तुमच्या हाताजवळच पडते, म्हणजे भडका तोंडावर. अल्कोहोलचं घट्ट सॅनिटायझर ठिणगीवर पेटतं, पण दिवसा त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. विझलं समजून वरून परत ओतलं की बाटली पेटते. हाताला लावल्यावर तर रॉडला शिवूही नका. भाजलंच तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, टूथपेस्ट किंवा तूप नाही.

२०. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर किंवा ताडोब्यात शेकोटी पेटवता येते का?

नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्याला धोका होईल असा विस्तव पेटवणं किंवा तसाच सोडणं गुन्हा आहे, आणि राखीव जंगलासाठी भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम २६ आहे. तिथे ठिणगीचा सरावही नको.

कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या जंगलाकडे बघा. पानगळीनंतर सागाची मोठाली पानं गुडघ्याएवढी साचतात आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून पहिल्या पावसापर्यंत ती चुरमुरीत वाळलेली असतात. वनमजूर त्या दिवसांत जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) साफ ठेवायला आणि वणवा विझवायला फांद्या घेऊन धावतात, भर उन्हात, तोंडाला ओला रुमाल बांधून. त्यांच्या कष्टावर आपली हौस टाकू नका. वणवा दिसला तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

रिसॉर्टच्या किंवा गावच्या खासगी जागेत मालकाच्या परवानगीनं, ठरलेल्या चुलीत पेटवा. रस्ता चुकून खरंच जीवावर आलं असेल तर मोकळी माती किंवा नदीचं दगडगोट्यांचं पात्र शोधा, हाताच्या तीन लांबींत पाला राहू देऊ नका, आणि तुम्ही सापडल्यावर वनरक्षकाला विस्तवाची जागा दाखवा.

२१. मग नागपुरात सराव कुठे करायचा?

गच्चीवर, लोखंडी घमेल्यात, बाजूला पाण्याची बादली आणि वाळू ठेवून. अंबाझरी, गोरेवाडा, सेमिनरी हिल्स या जागा सरावाच्या नाहीत. जुलैतली रिपरिप सुरू असताना छत्री बाजूला ठेवून गच्चीवर बसा, कारण खोलीत पेटवलेला कापूस काहीच शिकवत नाही. मॅग्नेशियम पेटलं असेल तर त्यावर पाणी टाकू नका, आग भडकते. त्यासाठी वाळू. बाकीचं पाण्यानं विझवा आणि राखेत हात घालून गार झाल्याची खात्री करा.

२२. रॉडवर पांढरी पावडर धरली आहे. फेकून देऊ?

ओलावा आणि घामातलं मीठ यांनी रॉड आतून पोखरतो, ओल्या खिशात महिनोन्महिने राहिला तर भुसभुशीत होतो. वरचा थर खरवडा, खाली घट्ट धातू लागला तर ठीक. हातात चुरा येत असेल तर बदला. वापरल्यावर पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवा किंवा मेणबत्ती घासा, समुद्रकाठी नेला असेल तर आधी गोड्या पाण्यानं धुवा.

२३. रेल्वेत आणि विमानात नेता येतो का?

विमानाच्या केबिनमध्ये माचिस, लायटर चालत नाहीत. फेरो रॉडबद्दल एअरलाइनला आधी लेखी विचारा. तपासणीत नाही म्हटलं तर वाद न घालता सोडून द्या. मॅग्नेशियमची कांडी आणि जेलीचे बोळे नेऊच नका, कापूस आणि जेली पोचल्यावर कुठेही मिळते.

रेल्वेत रॉड बॅगेत तळाशी ठेवा आणि डब्यात कुणाला दाखवायलाही घासू नका. पेट्रोल, रॉकेल, गॅसची डबी नेणं रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

२४. तंबूच्या आत पेटवला तर चालेल? बाहेर तुफान पाऊस आहे.

नाही. नायलॉनचं कापड क्षणात पेटतं, आणि ते नाही पेटलं तरी कार्बन मोनॉक्साइड मारतो. त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. निखाऱ्यांची पाटी आत घेणंही तितकंच घातक. पोंचोच्या उघड्या छपराखाली पेटवा (१३ पाहा), नाहीतर स्लीपिंग बॅगमध्ये शिरा आणि पाऊस ओसरू द्या.

२५. मुलाला कितव्या वर्षी द्यावा?

वयापेक्षा, सांगितलेलं ऐकतो का ते पाहा. चष्मा, सुती कपडे, बांधलेले केस, आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर. पेटवण्याआधी विझवायला शिकवा, बादली त्याच्याच हाताखाली ठेवा.

२६. पडलो आणि एक हात निकामी झाला तर एका हातानं पेटवता येतं का?

येतं, पण दोन हातांचं तंत्र उलटं करावं लागतं. रॉड उभा-तिरका धरायचा. खालचं टोक कापसात, सपाट लाकडावर किंवा दगडावर टेकवा आणि मूठ बुटाच्या कडेनं किंवा दोन गुडघ्यांमध्ये घट्ट आवळा. आता चांगल्या हातानं पातं वरून खाली, सावकाश दाबून आणा आणि कापसाच्या दोन बोटं आधी थांबवा, नाहीतर ढीग उडेल. इथे रॉड ओढता येत नाही, म्हणून हात कुठे थांबतो यावरच सगळं आहे. कापूस दातांनी धरून फाडता येतो, पण जेलीच्या डबीचं झाकण एका हातानं उघडतं का हे आज घरीच तपासा, उघडत नसेल तर डबी बदला.